फुलं, छत्री आन् पाच किलो

उमरग्याच्या मोंढ्यात उत्तरेश्वर मापाड्याला जो वळखत नाही, तो एक तर परराज्यातला ट्रकवाला असावा, नाही तर काल जन्मलेलं लेकरू. अंगानं तुरीची काडी, पण आवाज असा की गुरुलिंग आप्पांच्या आडतीत त्यानं वजन पुकारलं की समोरच्या हॉटेलातला गिऱ्हाईक बशी खाली ठेवायचा. मिसरूड फुटायच्या आधी तो त्या दुकानाच्या काट्याला लागला आणि मिशी पांढरी झाली तरी काटा सुटला नाही. मधी काटे बदलले. तागडी गेली, लोखंडी मापं गेली, लाल आकड्यांचे विजेवरचे काटे आले. माणूस तोच राहिला. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही चालही तीच राहिली.

शेतकरी आणि खरेदीदार भावावरनं भांडत, मातेऱ्यावरनं भांडत, एकमेकांचे सात बाप उकरून काढत. उत्तरेश्वरनं आकडा पुकारला की मात्र दोघांची तोंडं बंद. ह्याची त्याला मनातून मोठी ऐट होती. त्याच्या बापानं त्याला काट्याला लावताना एकच गोष्ट सांगितली होती. "मापाड्यानं आकडा सांगावा, भाव सांगू नये. देणारा येगळा, घेणारा येगळा. आपुन नुसतं मधलं तोंड."

हे मधलं तोंड तो घरीही घेऊन यायचा. जमीन खंडानं द्यावी का घरी करावी, थोरल्या लेकीला भूमचं स्थळ बघावं का लोहाऱ्याचं, काहीही विचारा. उत्तरेश्वर दोन्ही बाजू तोलून मांडायचा आणि तंबाखू मळत बसायचा.

"आवं, पर करायचं काय?" मथुराबाई, त्याची बायको, विचारायची.

"ते तुमी बगा."

"म्या देवळातल्या नंदीसंगं लगीन केलं आसतं तर त्यानं निदान मान तरी हलवली आसती," असं म्हणून ती आपलं ठरवायची. थोरली लोहाऱ्याला गेली ती मथुराबाईच्या शब्दावर.

आता आप्पांच्या दुकानातल्या कडत्याचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यानंच केलं. मालात माती असती, ओल असती, पोत्याचं वजन असतं, म्हणून क्विंटलमागं दोन किलो सोडून द्यायचे, ही त्या दुकानाची जुनी चाल. काट्यावर दिसलं एकशे दोन की उत्तरेश्वरच्या तोंडातून निघायचं शंभर. ही वजाबाकी तो करत नव्हता. डोळा बघायचा, तोंड बोलायचं, आणि ह्या दोघांच्या मधल्या बोळात दोन किलो कुठंतरी सांडून जायचे. शेतकऱ्याला ठाऊक होतं, आप्पांना ठाऊक होतं. चोरी म्हणावी तर दिवसाढवळ्या, रिवाज म्हणावा तर कुठं लिहिलेला नाही. उत्तरेश्वरला त्यात पाप वाटत नव्हतं. ढेकर आली म्हणून कुणाला पाप वाटतं का?

धाकटी निकिता. ही बापाच्या वळणाची नव्हती. कॉलेजात एनसीसीत गेली, कुठल्याशा शिबिरात तिला दोन माणसांच्या लहान्या विमानात बसवून फिरवून आणलं, आणि पोरगी घरी आली ती मान वर करूनच. भाकरी थापता थापता आभाळाकडं बघायची. मथुराबाई म्हणायची, "तव्याकडं बघ भवाने, वर काय भाकरी भाजती का?"

आणि नेमकं तेव्हाच गुरुलिंग आप्पांनी कर्नाटकातनं एक जुनं विमान विकत आणलं. आप्पा मोठे जमीनदार, आडत, ट्रका, निंबाळवाडीच्या माळावर लांबलचक पड जमीन. हौसेला मोल नाही म्हणतात, ते आप्पांच्या घरी खरं होतं. त्यांनी माळावर मुरूम टाकून धावपट्टी केली, पत्र्याचं शेड मारलं, आणि निकिताला आपण होऊन तिकडं खाली कर्नाटकात शिकायला धाडलं. "आपल्या मापाड्याची लेक आसताना भाईरचा पायलट कशाला?" म्हणाले. पोरगी लायसन घेऊन आली. उत्तरेश्वरला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं दोन्ही बाजूच सांगितल्या असत्या.

विमान ते केवढं? उसाच्या ट्रॉलीपुढं चिलटासारखं. पंखाला कापड ताणलेलं, आत दोन माणसं मांडीला मांडी लावून बसायची. लोक हसायचे, पण निकितानं ते माळावरनं उचललं, गावावरनं एक चक्कर मारली आणि पिसागत उतरवलं, तेव्हा हसणारेच टाळ्या पिटायला लागले.

विमानासंगं एक पेटी आली होती. दुधाच्या कॅनाएवढी, जड. आधीच्या मालकानं ती काढून ठेवली होती आणि तशीच दिली होती. आप्पांच्या गोदामात ती हरभऱ्याच्या पोत्यांजवळ पडून होती. त्या पेटीत छत्री होती, पॅराशूट. विमान बिघडलं तर उघडायची.

ह्या चैतात आप्पांचा नवस फेडायचा ठरला. त्यांचा नातू चन्नबसप्पा, पणजाचं नाव ठेवलेला, अंगणवाडीतलं पोर, मागच्या साली तापानं सोलापूरच्या दवाखान्यात निपचित पडला होता. तेव्हा काचेच्या दाराबाहेर उभं राहून आप्पांनी सिद्धलिंगाला हात जोडले होते. पोरगं उठून बसलं तर त्याच्या वजनाएवढी फुलं माझ्या हातानं तुझ्या शिखरावर आभाळातनं टाकीन. पोरगं उठलं, खाऊन पिऊन गुबगुबीत झालं. आता यात्रेच्या दिवशी, दुपारी पालखी निघताना, फुलं टाकायची. परवानग्या आल्या. झेंडूवाल्याला सांगून झालं.

तेव्हा निकिता आडतीत आली आणि गादीसमोर उभी राहिली.

"आप्पा, त्याच्या आधी ते पॅराशूट बसवायचं."

"ती छत्री?" आप्पांनी पान तोंडात सरकवलं. "पोरी, छत्री घेऊन हिंडणाऱ्याला पाऊस गाठतोच."

"आन् न घेणाऱ्याला?"

"तो भिजतो. पर एकदाच भिजतो."

"तेच म्हणते म्या. एकदाच."

आप्पा खो खो हसले. मागं काट्यापाशी उत्तरेश्वर उभा होता, त्याला हसू आलं नाही.

"बरं, ती करती काय?" आप्पांनी विचारलं.

"इंजिन बंद पडलं तर छत्री लागत न्हाय, तरंगत आणून एखाद्या रानात उतरवते म्या. पर पंख तुटला, चालवायचा दांडा आडकला, म्या बेसुद पडले, तर डोक्यावरची लाल मूठ वढायची. दिवाळीच्या बाणावानी बाण सुटतो, छत्री उघडती आन् आख्खं विमान तिला लटकून खाली येतं."

"खाली म्हंजे कुठं?"

"वारा नेईल तिथं."

"म्हंजे शेवटाला वाऱ्याच्याच हवाली. मग हिच्यात आन् देवाच्या भरवशात फरक काय?" आप्पा पुढं सरकले. "आन् शिखरावर आपुन किती वर आसणार?"

"दोनशे फूट धरा."

"तिथं उघडंल?"

खोटं बोलायची निकिताला सवय नव्हती. "न्हाय. तीनशेच्या खाली तिचा भरवसा न्हाय."

"मग! जिथं पडायचं भ्याव, तिथंच ती झोपल्याली."

"आप्पा, जाता-येता आपुन वरनंच जाणार हाव. देवळावर दोन गिरक्या, बाकी सगळा रस्ता वर. त्या रस्त्यापुरती तरी."

आप्पा माणूस वाईट नव्हता. त्यांना त्या पेटीचं वावडं नव्हतं, भीती होती ती वजनाची. विमानाच्या कागदावर साडेचारशे किलोची हद्द होती. विमान, माणसं, पेट्रोल, सामान, सगळं धरून. निकिता काटकी, पण आप्पांनी आयुष्यभर गादीवर बसून जे कमावलं होतं, ते नुसतं तिजोरीत नव्हतं. वर फुलं, वर ही पेटी.

"सूनबाईला बसवा की," निकिता म्हणाली. आप्पांची सून सोनाली वाऱ्यानं उडंल अशी. "त्या टाकतील फुलं. लेकरू त्यांचंच हाय."

"नवस म्या बोललाय. माझ्या हातानं म्हणलंय." आप्पांचा आवाज बदलला. "तू त्या काचेबाहेर नव्हतीस, पोरी."

निकितानं दुसरी वाट काढली.

"फुलं थोडी कमी..."

"लेकराच्या वजनातनं कमी करू? तोंड खळखळून धू." मग त्यांनी मागं वळून हाक मारली. "उत्तरेश्वर! तूच तोल बाबा. विमान तोल, मला तोल, समदं तोल. बसलं तर छत्री बसवायची, न्हाय तर न्हाय. तुझा काटा बोलंल ते खरं. काय पोरी?"

"बापूंच्या काट्यावर माझा बी भरवसा हाय," निकिता म्हणाली.

दोघांनी मिळून ओझं मधल्या तोंडावर टाकलं. उत्तरेश्वरनं मान हलवली. दुसरं काय करणार?

तीन काटे टेम्पोत घालून माळावर नेले. आधी चन्नबसप्पाची तुला झाली. पोरगं काट्यावर बसून नाचायला लागलं, आकडा काही ठरंना, सोनालीनं त्याला लाडू दाखवला तेव्हा कुठं थांबलं. देवाच्या मापाला कडता लागत नाही, ते उत्तरेश्वरला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं जसा दिसला तसा आकडा सांगितला. "लाडू धरून का सोडून?" आप्पांनी विचारलं. "लाडू आईच्या हातात हाय," उत्तरेश्वर म्हणाला. मग आप्पा स्वतः काट्यावर चढले आणि आकडा वाकून बघून म्हणाले, "काटा बिघडलाय." सगळे हसले.

मग विमान. छत्रीची पेटीही आत ठेवली आणि प्रत्येक चाकाखाली एक काटा. ऊन असं रणरणत होतं की लाल आकडे बाहेरनं दिसतच नव्हते. उत्तरेश्वर गुडघ्यावर बसला, हाताचा आडोसा केला, डोळा लावला आणि त्याच्या त्या भरड आवाजात पुकारलं. "लाभ! एकशे धा!" मग दुसरं चाक. "एकशे धा!" मग पुढचं लहानं चाक. "सत्तेचाळीस!"

निकितानं मोबाइलवर बेरीज केली. तिनं एकदा केली, परत केली आणि तिचं तोंड उजळलं.

"बसतंय! आप्पा, समदं बसतंय. काट्यावर काटा, पर बसतंय!"

"बगा," आप्पा म्हणाले, "सिद्धलिंगालाच वाटतंय."

आधीच्या मालकाचे नटबोल्ट जागच्या जागी होते. सांजेपर्यंत पेटी पंखाच्या मागं बसली, पट्टे आवळले, लाल मूठ डोक्यावर आली. उत्तरेश्वरनं त्या मुठीकडं लांबनंच बघितलं. घरी जाऊन त्यानं मथुराबाईला सांगितलं, तर तिनं ताटात तूप जास्तीचं वाढलं. त्या रात्री उत्तरेश्वर गाढ झोपला.

यात्रेच्या आदल्या दिवशी मोंढ्यात हरभरा आला होता. उत्तरेश्वर काट्यावर उभा. हमालानं पोतं टाकलं, आकडा एकशे दोनवर थांबला आणि उत्तरेश्वरनं पुकारलं, "शंभर!"

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःचा आवाज ऐकला.

हमाल म्हणाला, "मामा, उचलू का?" परवा माळावर आपण काय बोललो? एकशे धा. काट्यावर काय होतं? त्यानं डोळे मिटून ते लाल आकडे आठवायचा लई प्रयत्न केला. कधी एकशे धा दिसायचं, कधी एकशे बारा. एवढ्या वर्षात त्यानं काट्यावरचा आकडा असा मनात ठेवलाच नव्हता. बघायचा आणि सोडायचा. तोंडानं त्या दिवशी सवयीनं कापलं, का लेकीच्या डोक्यावर ती लाल मूठ यावी म्हणून आतल्या कुणीतरी कापायला लावलं, हेही त्याला सांगता येईना. घोडा आपलाच, पण तो कुठल्या वाटेनं गेला हे मालकालाच ठाऊक नाही, असं झालं.

"मामा?"

"उचल बाबा."

सांजेला निकिता ओसरीवर बसून उद्याचं वाऱ्याचं काहीतरी मोबाइलवर बघत होती. उत्तरेश्वर शेजारी टेकला.

"पोरी, समज, पाच किलो जास्ती झालं, तर विमानाला कळतंय का?"

"का ओ बापू?"

"उगं."

"सकाळच्या गारव्यात कळायचं न्हाय. पर उद्या बाराच्या उनात हवा पातळ आसती. पट्टी आपली आखूड, आन् टोकाला बाभळीची रांग हाय. पाच किलोनं पळ लांबतो." ती हसली. "बाभळी तोडायच्यात म्हणून आप्पा कवापासनं म्हणतेत. मग आमीच तोडू."

उत्तरेश्वर हसला नाही. निकितानं मोबाइल खाली ठेवला.

"बापू. काय झालं?"

तो बोलला. लई लांबण न लावता, पोत्याचं वजन सांगावं तसा बोलला. आत चुलीपाशी मथुराबाई ऐकत होती. निकिता त्याच्याकडं वळली.

"तुमाला नक्की आठवत न्हाय?"

"न्हाय गं."

"मग परत तोलायचं."

"तोललं आन् जास्ती निघालं तर छत्री उतरवतील," मथुराबाई आतनंच म्हणाली. "आवं, गप बसा की. जल्माचे गप बसलाव, आताच कंठ फुटला का?"

उत्तरेश्वरनं दोन्ही बाजू तोलल्या. बायको चुकीचं बोलत नव्हती. पोरगी बरोबर होती. त्याच्या दोन्ही हातात दोन पारडी होती आणि दोन्हीत तीच एक पोरगी बसलेली होती. बोललं तर मूठ जाती, गप बसलं तर बाभळी येतात.

"आई," निकिता म्हणाली, "हवा कडता धरत न्हाय."

यात्रेच्या दिवशी येरवाळीच, उजाडता उजाडता, तिघं माळावर गेले. काटे शेडमध्येच होते. आप्पा नवं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून आले, तर विमान काट्यावर.

"आता काय नवीन?"

उत्तरेश्वरनं सांगितलं. आप्पांचा चेहरा आधी लाल झाला, मग काही कळंना असा झाला.

"तू माझ्या विमानाला कडता धरलास?"

"धरला का न्हाय तेच कळंना, आप्पा."

"कवापासनं ही खोड तुला?"

"तुमच्या दुकानात लागल्यापासनं."

आप्पांनी हातानंच तोलायची खूण केली. ह्या वेळी आकडा निकितानं स्वतः वाकून वाचला आणि उत्तरेश्वर पाठ करून उभा राहिला. एकशे बारा. एकशे बारा. अठ्ठेचाळीस. पाच किलो वर.

मग पाच किलोची शोधाशोध सुरू झाली. आसनाच्या गाद्या काढल्या, त्या हातात घेतल्या तर कापसाच्या, अर्धा किलोही नाही. चाकावरचे पत्रे आधीच काढले होते. पेट्रोल कमी करू म्हणलं तर निकिता म्हणाली, जायला यायला आणि हाताशी ठेवायला लागतं तेवढंच भरलंय. आप्पांनी अंगठ्या काढल्या, करदोडा काढला, गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मात्र हातात धरून थांबले. आप्पा लिंगायत, त्यांच्यात लिंग अंगावरनं उतरवत नाहीत.

"म्या कालपासनं उपाशी हाय," आप्पा म्हणाले. "उपासानं किलोभर तरी गेला आसंल का न्हाय?"

"परवा तोलल्यावर तुमी ज्वारीचे धपाटे खाल्लाव," निकिता म्हणाली, पण तिच्या आवाजात चेष्टेचा जीव नव्हता.

"सोनाली वहिनींना..." निकितानं परत काढलं.

"न्हाय."

"मग म्या उडवत न्हाय," असं पोरीनं म्हणावं, असं उत्तरेश्वरला वाटलं. पण पोरीलाही ठाऊक होतं आणि बापालाही. खाली देवळापाशी लोक माना वर करून बसायला लागले होते, फुलांची पोती आली होती, आणि तिनं नाही म्हणलं तर पुढच्या यात्रेला कर्नाटकातला कुणी पायलट येईल, आणि निकिता आडतीत पावत्या फाडत बसेल. छत्री नसताना विमान कागदाच्या हद्दीत होतं. छत्री असताना नव्हतं. कायद्यानं, हवेनं, बाभळीनं, सगळ्यांनी एकच बोट दाखवलं.

निकितानं पान्हा उचलला.

"छत्री वरच्या कामाची, आन् झाडं खाली हाईत," ती म्हणाली. हे ती कुणाला सांगत होती, कोण जाणे. "बापू, खालनं आधार द्या."

ती एकेक बोल्ट सोडवत गेली आणि उत्तरेश्वर पेटीखाली हात देऊन उभा राहिला. शेवटचा पट्टा सुटला तसं सगळं वजन त्याच्या हातावर आलं. आयुष्यभर हमालांनी टाकलेलं दुसऱ्यांचं वजन त्यानं डोळ्यानं बघितलं होतं. हे हातावर आलं. तो ती पेटी घेऊन तसाच उभा राहिला, कुठं ठेवायची हे त्याला कळंना. आप्पाच म्हणाले, मऊ आवाजात, "ठेव तिकडं सावलीला, उत्तरेश्वर. देव हाय."

बाराच्या सुमाराला, पालखी उठली असा खालनं फोन आला. मांडीवर फुलांची पोती घेऊन आप्पा आत बसले, इतके घामाघूम की भस्म वघळून भुवयांत आलं. विमान पळत सुटलं. मथुराबाई पदरात तोंड खुपसून शेडच्या खांबाला टेकली. पळ लांबला. बाभळी जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, आणि मग चाकं सुटली, आणि विमान बाभळीच्या शेंड्यावरनं, अगदी शेंड्यावरनं, पलीकडं गेलं. छत्री असती तर? ह्या प्रश्नाचं उत्तर उत्तरेश्वरला त्या क्षणी मिळालं, आणि त्या उत्तरानं त्याला जरासुद्धा बरं वाटलं नाही. त्या पाच किलोवर ते बाभळीत गेलं असतं. आता ते बाभळीवरनं सुटून बिनछत्रीचं आभाळात गेलं होतं.

खाली देवळाकडं हलगीचा आणि लोकांचा एकच कालवा उठला. शिखरावर झेंडू पडला म्हणतात, सोनालीनं चन्नबसप्पाला खांद्यावर उचललं म्हणतात. माळावर ह्या दोघांना त्यातलं काही दिसलं नाही. ते दोघं नुसते इंजिनाचा आवाज ऐकत होते; तो वाऱ्यात पातळ झाला की मथुराबाई म्हणायची, "थांबला का?" आणि उत्तरेश्वर म्हणायचा, "न्हाय, हाय." परत पातळ झाला की परत.

निकितानं विमान परत आणलं. पिसागत उतरवलं. आप्पा खाली उतरले ते रडतच उतरले आणि उत्तरेश्वरच्या गळ्यात पडले. "पोरगी न्हाय, देवी हाय रे तुझी!" नारळ फुटले, पेढे वाटले.

यात्रा सरल्यावर निकिता परत आडतीत गेली. "आप्पा, आता फुलं न्हाईत. आता पेटी बसवू."

"आगं, आलो का न्हाय सुकरूप? आता तर सरपंच म्हणतेत आमाला फिरव, बँकेचे मॅनेजर म्हणतेत फिरव. ती पेटी बसवली की जाड माणसाला सांगायचं का, तू खाली बस म्हणून?"

मागनं काट्यापासनं आवाज आला. "बसवा, आप्पा."

आप्पांनी वळून बघितलं. एवढ्या वर्षात त्या जागेवरनं आकड्याशिवाय दुसरं काही आलं नव्हतं. एका शेतकऱ्यानंही मान वर केली. उत्तरेश्वर लाल झाला होता, हात पोत्यावर होता.

"उत्तरेश्वर," आप्पा समजुतीनं म्हणाले, रागानं नाही, "परवा नव्हती. काय झालं, सांग बरं?"

काय झालं? काही झालं नव्हतं. उत्तरेश्वर पोत्याची शिवण चाचपू लागला. काही झालं नव्हतं, हे तर खरंच होतं, आणि खऱ्यापुढं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. पोरीनं विमान नीट आणलं होतं. तिच्याच हाताच्या गुणानं तिची छत्री गोदामात पडली होती.

"बघू की," आप्पा म्हणाले. "पावसाळ्यानंतर बघू."

त्याच आठवड्यात सरपंच फिरायला आले. खादी घातलेला पहिलवान गडी, आत बसला तर विमान एका अंगाला झुकलं. निकितानं कानाला ते हेडफोनचं बोंडूक लावलं, बापाकडं बघून अंगठा वर केला आणि निघाली. चाकं सुटली, बाभळी मागं पडल्या.

मथुराबाई आता माळावर यायची नाही. उत्तरेश्वर मात्र दर खेपेला यायचा. कुणी म्हणायचं, "मामा, वर बगा की, कसं झ्याक दिसतंय!" त्या दिवशीही त्यानं वर बघितलं नाही. विमानाची सावली कापलेल्या हरभऱ्याच्या रानावरनं सरकत होती, बांधावरनं उडी मारत होती, परत रानात येत होती. उत्तरेश्वर त्या सावलीच्या मागं मागं बांधापर्यंत चालत गेला आणि तिथं थांबला. पुढं दुसऱ्याचं रान होतं.